मधलं पेर

मधू,

परवा दुपारी पोस्टमन तुझ्या नावाचं पाकीट घेऊन आला. माणूस नवा आहे, त्याला काही माहीत नव्हतं. ओट्यावर उभं राहून त्यानं तुझं पूर्ण नाव मोठ्यानं वाचलं आणि विचारलं, "हजर हायेत काय?" आत तुझ्या वहिनीच्या हातातली परात खाली पडली. मी म्हणालो, "आण इकडं." तो म्हणाला, "रजिस्टर हाये, सही त्यायचीच लागते." मी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. मग त्यानं माझी सही घेतली आणि चप्पल ओढत निघून गेला.

पाकीट तुझ्या कॉलेजचं होतं. मजकूर छापील, मोकळ्या जागा शाईनं भरलेल्या. तुला दुसऱ्या वर्षाच्या इंटर परीक्षेत फर्स्ट डिव्हिजन मिळाली आहे, हजेरी पुरेशी आहे, वर्तणूक उत्तम आहे, सबब तुझी शिष्यवृत्ती पुढील वर्षासाठी कायम करण्यात येत आहे. खाली एक ओळ होती. विद्यार्थ्याने प्रकृती निरोगी असल्याचा दाखला घेऊन सात दिवसांचे आत समक्ष हजर व्हावे, अन्यथा पुढे कोणताही हक्क राहणार नाही.

समक्ष हजर व्हावे. ती ओळ मी चारदा वाचली. त्या दिवशी तुला जाऊन चाळीस दिवस झाले होते.

भेटायला येणारे म्हणतात, रडा, मोकळे व्हा. मला रडू येत नाही, राग येतो. तुझ्या प्रिन्सिपॉलचा येतो, दवाखान्यातल्या डॉक्टरचा येतो, आणि खोटं कशाला बोलू, सगळ्यात जास्त तुझा येतो. भावावरून माझ्याशी बाजारातला कुठलाही माणूस येऊन भांडतो. हमालसुद्धा माझ्या तोंडावर सांगतात की भाऊसाहेब, हे आमाले परवडत नाही. तू मात्र माझा सख्खा भाऊ असून दोन वर्षं तोंड मिटून बसलास. हे मी तुझ्या फोटोसमोर नाही बोलू शकत, तिथे तुझी वहिनी बसलेली असते. म्हणून लिहितो आहे.

बाबा गेले तेव्हा मी पंधरा वर्षांचा होतो आणि तू दोनचा. सातवी फायनल झालो होतो, तेवढंच माझं शिक्षण. बैलबाजारात एका दलालापाशी दोऱ्या धरायला लागलो. माझ्या मालकाचं सगळं कसब दुपट्ट्याखाली होतं. घेणारा आणि देणारा हातात हात घालणार, वरून दुपट्टा टाकणार. बाहेर तोंडं पाऊसपाण्याचं बोलणार आणि आत बोटं भाव बोलणार. एक बोट धरलं तर एक. सगळा पंजा धरला तर पाच. बोटाचं मधलं पेर दाबलं तर अर्धा. एक नियम पक्का होता. समोरच्यानं बोट दाबलं की उत्तर द्यायचं. कबूल असेल तर पंजा घट्ट धरायचा, नसेल तर हात झटकायचा. यातलं काहीच न करता हात नुसता पडू देणं म्हणजे त्या माणसाला माणसात न धरणं. असं करणाऱ्याशी पुढच्या बाजारी कोणी बोलत नसे.

तुला ही भाषा मी तू पाच वर्षांचा असताना शिकवली. पुढे मी कापसात पडलो, अकोल्याला जठारपेठेत घर केलं, तरी आपल्या दोघांत ती राहिली. जेवताना तुझं ताटाखालून चालायचं. माझ्या बोटाचं मधलं पेर दाबलंस की मी अर्धी भाकरी तुझ्या ताटात टाकायचो. लग्न होऊन नवीन आलेली तुझी वहिनी घाबरली होती. "अवो, हे दोघं भाऊ एकमेकांशी बोलत काहून नाहीत? भांडन हाये काय?" हसता हसता तुझ्या तोंडातली भाकरी सांडली होती.

तू मॅट्रिकला फर्स्ट डिव्हिजन आणलीस तेव्हा आपल्या सगळ्या भावकीत तसं कोणी आणलं नव्हतं. त्याच आठवड्यात कोणीतरी मला ते माहितीपत्रक आणून दिलं. अमरावतीला नवं कॉलेज निघालं होतं आणि त्यांना हुशार पोरं हवी होती. त्यावर छापलं होतं की फर्स्ट डिव्हिजनमध्ये पास होणाऱ्यास प्रथम वर्षात प्रवेशाची हमी, शिवाय शिष्यवृत्ती. हमी हा शब्द वाचून मी हरखलो. बाजारात हमी कोणी लिहून देत नाही. इथे तर छापून दिली होती. मला वाटलं, ज्याला गिऱ्हाइकाची एवढी गरज आहे त्याच्याकडून बरंच काढता येईल.

बडनेऱ्याला गाडी बदलून आपण गेलो. तू माझा जुना कोट घातला होतास, बाह्या बोटांपर्यंत येत होत्या.

प्रिन्सिपॉल पुण्याकडचे, बोलणं शांत, टेबलावर एक कागद वाकडा नाही. म्हणाले, "प्रवेशाचं झालंच म्हणून समजा, ते आम्ही छापलंच आहे. शिष्यवृत्तीचं बोलू. दोन प्रकार आहेत. पहिली, अर्धी फी माफ. ही चारही वर्षं राहते, तिला अट नाही. मुलगा नापास झाला, आजारी पडला, एखादं वर्ष वाया गेलं, तरी ती जात नाही. दुसरी, पूर्ण फी माफ आणि वसतिगृहात खोली. ती मात्र दर वर्षी नव्यानं मंजूर व्हावी लागते. फर्स्ट डिव्हिजन, हजेरी, वर्तणूक आणि प्रकृतीचा दाखला. यातलं एक जरी कमी पडलं तरी बंद. अर्थात तसं झालं तर विद्यार्थी अर्ध्या सवलतीवर येऊ शकतो."

मी म्हणालो, "पूर्न द्या. आन् जेवन?"

"जेवणाचा खर्च पालकांनी करायचा असतो."

"खोली देता आन् पोटाले काही नाही? पोरानं भिताडं चाटायची काय साहेब?"

ते हसले. मला वाटलं, हसला, म्हणजे वाकेल. मी म्हणालो, "बैल घेतला तर दावं फुकट येते. आमच्या बाजारात तशी रीत हाये."

"हा मुलगा आहे हो, बैल नाही."

"म्हनूनच तर म्हन्तो. बैल कडबा खाते, याले पोळी लागते."

अर्धा तास मी सोडलं नाही. शेवटी ते म्हणाले की नियम सगळ्यांना सारखा आहे, तुम्हालाच जास्त द्यायचं तर समितीला काहीतरी कारण दाखवावं लागेल. तेव्हा मी ते वाक्य बोललो. "मंग मी बी काही सोडतो. ते अर्ध्यावर परत याचं कलम हाये ना, ते आमच्यापुरतं कापून टाका. माझा भाऊ अर्ध्यावर याचा नाही. पहिल्या नंबरचा माल हाये."

माझा दुपट्टा मांडीवर होता. त्याखाली तुझा हात आला. माझ्या तर्जनीचं मधलं पेर तू दाबलंस. मी लक्ष दिलं नाही. तू पुन्हा दाबलंस, नख रुतेल इतक्या जोरानं. अर्धं घे, भाऊ.

मी तुझा हात झटकला.

प्रिन्सिपॉलनी चष्मा काढून तुझ्याकडे पाहिलं. "तुझं काय म्हणणं आहे?"

तू टेबलाकडे बघत म्हणालास, "भाऊ म्हणतात तेच."

जेवण फुकट आणि ते कलम रद्द, असं त्यांनी लिहिलं. मी दोनदा वाचलं आणि सही केली. वाचल्याशिवाय मी कशावर सही करत नाही, हे तिथे त्यांनाही ऐकवलं.

परतताना बडनेऱ्याच्या फलाटावर मी भजी घेतली. मी खुशीत होतो. "पाह्यलं? कसा वाकवला पुनेकर?" तू भजं हातात धरून उभा होतास. थोड्या वेळानं म्हणालास, "भाऊ, आपन जे सोडलं ते त्यायच्या काय कामाचं होतं?"

"म्हंजे?"

"त्यायले त्याच्यात काहीच भेटलं नाही. आपलं मात्र गेलं."

मी म्हणालो, "तुले सौदा समजत नाही. तू पुस्तकं वाच." तू भजं खाल्लंस. गाडी आली. इतक्या वर्षांत माझ्या सौद्यातली चूक कोणी माझ्या तोंडावर दाखवली नव्हती, आणि ज्यानं दाखवली त्याला मी पुस्तकं वाचायला पाठवलं.

आणखी एक गोष्ट इथेच लिहून टाकतो. मला परवडत नव्हतं असं नाही. तुझी फी, खोली, जेवण, सगळं मी घरातून देऊ शकत होतो. अर्धंच काय, काहीच मागितलं नसतं तरी चाललं असतं. पण समोरचा द्यायला बसला आहे आणि मी कमी घेऊन उठलो, हे माझ्या हातून होत नाही.

पहिलं वर्ष नीट गेलं. फर्स्ट डिव्हिजन आली, दाखला मिळाला, शिष्यवृत्ती कायम झाली. तू कळवलंस तेव्हा मी दुकानात पेढे वाटले. तेव्हापासून माझी एक सवय झाली. तू राजापेठेतल्या वसतिगृहातून घरी आलास की दारातच मी विचारायचो, "कायम हाये ना?" तू म्हणायचास, "कायम हाये, भाऊ." पत्रात माझी पहिली ओळ तीच असायची. तू कसा आहेस, हे मी कधी विचारलं असेल तर मला आठवत नाही. तुझी वहिनी म्हणते, कधीच नाही.

दुसऱ्या वर्षी दिवाळीला आलास तेव्हा तू रोज माझ्याबरोबर कापसाच्या जिनात यायला लागलास. मला फार बरं वाटलं. पोरगं कॉलेजात गेलं तरी धंद्याला विसरलं नाही, असं मी चार लोकांना सांगितलं. तू दुपारभर रेच्यांच्या यंत्रांपाशी उभा असायचास. सरकी वेगळी होते, रुई वेगळी होते, तूस हवेत उडतं आणि तिथला प्रत्येक माणूस खोकत असतो. बायका तोंडाला पदर बांधतात तरी खोकतात. मुकादम एकदा म्हणाला, "भाऊसाहेब, लहान भाऊले आत नका येऊ देऊ, त्यायले तूस लागते, लय खोकतात." मी म्हणालो, "खोकू दे. कापूसवाल्याचं पोरगं हाये."

आता मला कळतं तू तिथे काहून येत होतास. अख्ख्या अकोल्यात तेवढी एकच जागा होती जिथे माणूस कितीही खोकला तरी मान वळवून कोणी बघत नाही.

घरी तू खोकत नव्हतास. जेवताना मध्येच उठून परसात जायचास. आपले रुमाल आपणच धुवायचास, विहिरीपाशी, तेही कोणी नसताना. वहिनीनं हात पुढे केला तर देत नव्हतास. ती मला म्हणाली, "अवो, पोरगं काहून असं वाळून राह्यलं? पट्ट्याले दोन भोकं नवीन पाडले त्यानं. मी पाह्यलं." मी जेवत होतो. म्हणालो, "अभ्यास करून राह्यला तो. फर्स्ट डिव्हिजन काय झाडाले लागते?" आणि तुला हाक मारून चेष्टा केली, "कारे मधू, कॉलेजात धोबीकाम बी शिकवतात काय?" तू ओला रुमाल मुठीत धरून हसलास.

तुझी वहिनी हसली नाही. त्या दिवसापासून ती तुझं ताट वेगळं धुवायला लागली आणि मला काही बोलली नाही. तिच्या मामाच्या घरी तिनं हे पाहिलेलं होतं. घरात एका माणसाला दिसत होतं, एक माणूस सोसत होता, आणि दोघंही मला भीत होते.

संक्रांतीला आलास तेव्हा हंगाम भरात होता. गाड्यांची रांग लागली होती, माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. तू दुकानात येऊन माझ्या मागे उभा राहिलास. खिशातून घडी केलेला कागद काढलास.

"भाऊ, एका कागदावर सही पायजे होती."

"कायचा कागद?"

"कॉलेजचा."

"कॉलेजनं आता काय नवीन काढलं? त्या पुनेकरानं काही अट बदलली काय?"

"नाही. त्यायनं नाही बदलली."

"मंग ठेव तिथं. वाचल्याशिवाय मी सही करत नाही. आन् त्याले सांग, काही तोडायचं-जोडायचं असलं तर माझ्यापाशी ये म्हना. पोराच्या हातून कागद पाठवते म्हंजे काय? लिहून दिलं ते दिलं, मी फिरत नाही आन् त्याले बी फिरू देनार नाही!"

मी ओरडलोच. गाडीवाले बघायला लागले. तू कागदाची घडी पुन्हा तशीच घातलीस, खिशात ठेवलीस, आणि म्हणालास, "राहू द्या. घाई नाही." माझ्या पाया पडून दुपारच्या गाडीनं गेलास. मला वाटलं सहलीबिहलीचा कागद असेल. गाडीत बसलास की नाही हे विचारायलाही मी कोणाला पाठवलं नाही.

परीक्षा संपायच्या दिवशी तुझ्या वसतिगृहातून तार आली. शेवटचा पेपर पूर्ण लिहून, पर्यवेक्षकाच्या हातात देऊन, तू बाहेर येऊन पायरीवर बसलास आणि तिथे रक्ताची उलटी झाली. पेपर पूर्ण लिहून. हे मला तीन जणांनी सांगितलं, तिघांनीही कौतुकानं सांगितलं.

अमरावतीच्या दवाखान्यात मी पोचलो तेव्हा डॉक्टर माझ्यावरच चिडले. "क्षय आहे, दोन्ही फुप्फुसं गेली आहेत. वर्षभर तरी जुनं आहे. आता औषधं आहेत हो, दिवाळीला आणला असता तर मी उभा केला असता. घरात कोणी पाहत नव्हतं का?" मी आवाज चढवला. म्हणालो, पाहिजे ते औषध मागवा, मुंबईहून मागवा, भाव विचारू नका. ते म्हणाले, "भावाचा प्रश्न नाही." हे वाक्य मला आयुष्यात पहिल्यांदाच कोणी ऐकवलं. पुढे घासाघीस करायला काहीच नव्हतं.

तुला बोलायची बंदी केली होती. एक शब्द बोललास तरी पुन्हा रक्त येईल म्हणाले. औषधं चालू होती, दिवस जात होते, तू पांढऱ्या चादरीखाली सपाट पडून होतास. वैशाखाचं ऊन खिडकीतून पलंगाच्या पायापर्यंत यायचं, मग हळूहळू वर चढायचं. मी रोज ते बघत बसायचो. ते तुझ्या छातीपर्यंत आलं की मी पडदा ओढायचो, जणू तेवढ्यानं काही अडणार होतं.

तू जायच्या आदल्या दिवशी सकाळी तू चादरीखालून माझा हात शोधलास. मी दिला. तुझी बोटं आगीसारखी होती. तू माझी तर्जनी धरलीस आणि मधलं पेर दाबलंस.

मी वाकून म्हणालो, "काय रे? अर्धं? अर्धं काय पायजे? चाय?"

तू पुन्हा दाबलंस.

"अर्धा कप? आनतो थांब."

मी पळत फाटकाबाहेरच्या हॉटेलात गेलो. आपला भाऊ दीड महिन्यानं काही मागतो आहे, याचाच मला आनंद झाला होता. नर्स ओरडली, तरी मी तो अर्धा कप तुझ्या हातात दिलाच. तू तो धरून ठेवलास. प्यायला नाहीस. माझ्याकडे पाहत राहिलास. मग कप माझ्याकडे दिलास, आणि पुन्हा तेच पेर, अगदी हलकं. मी म्हणालो, "आनला ना बाबा, अर्धाच आनला." आणि चहा गार होतो म्हणून मीच पिऊन टाकला.

तुझा हात माझ्या हातात तसाच होता. मी तो धरलाही नाही आणि झटकलाही नाही. नुसता पडू दिला.

ते पत्र घेऊन काल मी अमरावतीला गेलो. भांडायलाच गेलो होतो. मेलेल्या पोराला समक्ष बोलावता, असं त्यांच्या तोंडावर विचारणार होतो. प्रवेशाचे दिवस आहेत. बाहेरच्या बाकांवर खेड्यापाड्यातले बाप बसले होते, हातात तेच माहितीपत्रक, शेजारी मोठ्या कोटातली पोरं. शिपायानं मला अडवलं नाही.

प्रिन्सिपॉल मला पाहून उभे राहिले. मी पत्र टेबलावर आपटलं. त्यांनी वाचलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "यादीवरून गेलं. कारकुनाला कळवायचं राहिलं. माझी चूक आहे." मी तयारी करून आणलेली सगळी वाक्यं तिथेच संपली. कबूल करणाऱ्या माणसाशी कसं भांडायचं ते मला येत नाही.

मग त्यांनी खण उघडला आणि एक कागद माझ्यासमोर ठेवला. घड्या पडून त्याच्या रेघा मळल्या होत्या.

"हे तुम्हाला द्यायचं होतं. जानेवारीत तो माझ्याकडे आला होता. विचारत होता, अर्ध्या सवलतीला प्रकृतीचा दाखला लागतो का. मी म्हटलं, नाही. म्हणाला, वर्ष गेलं तर चालतं का. मी म्हटलं, चालतं, पण तुमचं ते कलम तुमच्या भावानं कापलंय, त्यांनी सही दिली तर मी पुन्हा जोडून देतो. अर्ज लिहून घेऊन गेला. संक्रांतीनंतर परत आला तो तसाच."

"काय म्हनला?"

"म्हणाला, राहू द्या सर. भाऊनं शब्द दिला आहे. बाजारात शब्द फिरवला तर त्यांची पत जाते."

मी कागद जवळ ओढला. ते खाली बसले. मग म्हणाले, "मी तुम्हाला पत्र टाकायला हवं होतं. त्याचा चेहरा बघून मला शंका आली होती. दोनदा लिहायला घेतलं." चष्मा पुसत राहिले. "खरं सांगतो, तुमच्याशी पुन्हा वाद घालायचं जिवावर आलं."

मधू, तू, तुझी वहिनी, आणि हा शिकलेला माणूस. तिघांपाशी तीच एक गोष्ट होती आणि तिघंही ती घेऊन माझ्या दारापर्यंत येऊन परत गेले. माझ्या रागाला सगळा बाजार वचकून असतो याचा मला अभिमान होता.

बाहेर पडलो तर बाकावरचा एक जण उठून माझ्याजवळ आला. दर्यापूरकडचा वाटला. हळूच म्हणाला, "काहो बाप्पा, साहेब कसे हायेत? मानलं तर वाढवून देतात काय?" त्याचं पोरगं मागे उभं होतं, बापाचा हात सोडून.

मी म्हणालो, "देतात. मागसान तेवढं देतात." आणि पुढे गेलो. मग परत फिरलो आणि त्याला म्हणालो, "आत जायच्या आधी पोराले इचारा." तो माझ्याकडे वेड्याकडे पाहावं तसं पाहत राहिला. आतून त्याचं नाव पुकारलं गेलं. तो दुपट्टा सावरत आत गेला. पोरगं त्याच्या मागून गेलं आणि दार लागलं.

मी बराच वेळ त्या दाराकडे बघत उभा होतो. आतून हसण्याचा आवाज आला. बहुतेक तो चांगला सौदा करत असावा.

आता घरी बसलो आहे. तुझा अर्ज समोर आहे. तुझं अक्षर सरळ आहे, शेवटच्या ओळीत मात्र थोडं खाली उतरलंय. मी वाचला. मग पुन्हा वाचला. तुझ्यावरचा राग अजून गेलेला नाही आणि जाईल असंही वाटत नाही. दुकानात एवढ्या माणसांसमोर तू एकदा ओरडून म्हणायला हवं होतंस, भाऊ, मी मरून राह्यलो, सही कर. मी तुला मारलं असतं आणि सही केली असती.

तळाशी 'पालकाची सही' असं लिहून तू शेजारी पेन्सिलीनं बारीक फुली मारून ठेवली आहेस, मला जागा शोधावी लागू नये म्हणून.

वाचल्याशिवाय मी सही करत नाही, हे तुला माहीत होतं. वाचून झालं, मधू. फुलीवरच करतो आहे. अर्ध्यावर कबूल.